तळमजल्याच्या दोन भिंती

मी, गवंड्याची धाकटी मुलगी, घरातली पहिली शिकलेली, इमारतींची मजबुती तपासणारी इंजिनिअर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. अक्षर वाकडे आहे, कारण जमीन अजून अधूनमधून हलते. उद्यापासून मला तडे गेलेल्या इमारतींत शिरायचे आहे, म्हणून ही घाई.

१. बाबांनी बांधलेले दुमजली घर निम्मे माझे, निम्मे दादाचे. दुकानासाठी दादाने तळमजल्याच्या दोन भिंती घणाने पाडल्या. मी आडवी आले तेव्हा म्हणाला, "चार बुकं शिकलीस म्हणून बाबांच्या घराला अक्कल शिकवतेस?" त्याने भिरकावलेल्या विटेची खूण माझ्या भुवईवर आहे.

भूकंप घराला वरून मारत नाही. तो पायाखालची जमीन आडवी हिसकतो, वरचा भार जागचा हलायला तयार नसतो, आणि सगळी ओढाताण तळमजल्यावर येते. भिंती ती वाटून घेतात. भिंती नसल्या की खांब एकटे पडतात.

समोरच्या शिंप्याचा तळमजलाही असाच मोकळा होता. खांबांची डोकी फुटली, सळया बाहेर आल्या आणि वरचे तीन मजले त्याच्यावर बसले. वरच्या खिडक्यांच्या काचा शाबूत होत्या. शिंप्याचा देह मी आणि दादाने बाहेर काढला. पुरता निघाला नाही.

आमच्या तळमजल्यावर एकाच मजल्याचा भार, म्हणून आम्ही वाचलो. एका खांबाला वर तिरका तडा आहे. तरी दादा म्हणतो, "उभं आहे ना? आज सगळे वर झोपू."

२. माझा हिस्सा भाचीला, दादाच्या मुलीला. अट एकच: दोन्ही भिंती खांबांना सळयांनी जखडून पुन्हा उभ्या होईपर्यंत ती आणि वहिनी वर झोपणार नाहीत.

३. भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारा बाबांचा ओळंबा भाचीलाच. घण नव्या भिंतीच्या पायात गाडावा.

४. विटेचा राग कोणाच्या नावे करत नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

५. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला यातून काही मिळू नये. म्हणून पहिला साक्षीदार दादाच.

स्थळ: घरासमोरचा रस्ता, ताडपत्रीखाली.
दिनांक: भूकंपानंतरचा पहिला सोमवार.
सही: धाकटी

साक्षीदार: १. थोरला भाऊ. २. शिंप्याची बायको.

दादाने सही करण्याआधी हे दोनदा वाचले. मग पेन परत देत म्हणाला, "विटा सकाळी उतरतील. ओळंबा मात्र संध्याकाळी येऊन तूच धरायचा."