काचघर दानम्माला

मी, चांदबी नासिर शेख, वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार लातूर, कोणाच्याही दबावाखाली न येता ही वसियत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. अक्कल शाबूत आहे.

१. घर व बँकेतली शिल्लक शरियतीप्रमाणे मुलगा साद व मुलगी अफसाना यांना मिळेल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. सादला मजले चढवून क्लासच्या मुलांसाठी होस्टेल काढायचे आहे. खुशाल काढावे. फक्त त्यांना पाणचट वरण वाढू नये.

२. परसातले काचघर, त्याखालची जागा, पावसाच्या पाण्याचा हौद आणि आमरीची, म्हणजे ऑर्किडची, सर्व रोपे मी शेजारीण दानम्मा गुरुपादप्पा कोरे हिला देत आहे. वारसाबाहेर एक तृतीयांशापर्यंत देता येते. हे त्याहून कमी आहे. ‘अम्मी, तिथं चार खोल्या निघतील,’ असे सादने पुन्हा म्हणू नये. कारण लिहून ठेवते.

माझा थोरला अनस किल्लारीकडच्या एका गावात मास्तर होता. भूकंपात गेला. त्यानंतर मी शाळेतून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझे पती नासिर काचा बसवण्याचे काम करत. ते इस्लापूरला कामाला गेले असता मोडून पडलेल्या फांदीवर त्यांना ही आमरी दिसली. फांदीसकट घेऊन आले. लातूरच्या उन्हात ती जगेना, म्हणून उरल्यासुरल्या तावदानांचे घर बांधायला घेतले. गल्ली तेव्हा भीतीने अंगणातच झोपत होती. लोक म्हणाले, “जमीन हलायली अन् तुम्ही काचेचं घर बांधायलाव?”

“पडलं तर पुन्हा बांधू,” नासिर म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी फुले आली. त्यांनी हाक मारली. मी उठून गेले. तेव्हापासून पाणी मीच घालते.

दानम्माशी माझे वैर पाण्यावरूनच. टँकरच्या उन्हाळ्यात ती भिंतीवरून ओरडली, “माणसाला प्यायला न्हाई, अन् ही बांडगुळाला आंघोळ घालती!” आमरी बांडगूळ नव्हे, झाडाचे काही खात नाही, हे मी तिला सांगितले, चांगल्या शब्दांत नाही. मग वर्षानुवर्षे अबोला. नासिरच्या मयतीला ती दारातूनच परतली, हे मी विसरलेले नाही.

नंतर माझा पाय मोडला. उन्हाळाभर नांदेडला अफसानाकडे पडून होते. सगळे वाळून गेले असणार, असे धरूनच परत आल्यावर काचघर उघडले. आत गारवा होता. तावदानांना चुना फासलेला, ओली पोती टांगलेली, मुळे हिरवीगार. सुनेकडून किल्ली घेऊन दानम्मा रोज येत होती. मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. तीच भिंतीपलीकडून म्हणाली, “माझं भांडण तुझ्याशी हाय. झाडाशी न्हाई.”

३. मुळांना माती लावू नये. ती पांढरी दिसली तरच पाणी द्यावे. हे दानम्माला ठाऊक आहे. पण ती घाई करते.

४. सादने दानम्माकडच्या भिंतीत दार पाडून द्यावे.

५. नासिरचा काच कापायचा हिरा अफसानाला. सादची त्याला हरकत नाही.

६. हे सर्व दानम्माला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “अन् मीच आधी गेले तर?” वकील म्हणाले, तसे एक कलम घाला. मी घातलेले नाही. तिने माझ्याआधी जायचे नाही, एवढीच अट आहे.

वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, सही केली.

चांदबी नासिर शेख

साक्षीदार:
वैजनाथ माणिकप्पा बिराजदार
सुकन्या सटवाजी जाधव

लातूर, १२ ऑगस्ट २००९