एक पट्टी खाली

२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि. रागावले आहे, पण नमस्कार चुकवत नाही.

चार दिवस राहून गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. आता पुन्हा मी आणि माझं पाळणाघर. अकरा पोरं, त्यातली चार रांगती, आणि गुडघे तर जिन्यावर सरळ संपच करतात. दुपारी पोरं झोपली की मीही भिंतीला टेकून डोळे मिटते. कोण उठलं ते रडण्यावरून कळतं. तुझ्यासारखा कान नाही, पण एवढं जमतं.

लिहायचं कारण भुंगी. आठ महिन्यांची होती तेव्हा केटलची शिट्टी झाली की ही माझी नात मान वळवून शेवटपर्यंत ऐकायची. दोन वर्षांची झाली तशी दिवसभर गुणगुणायला लागली, म्हणून तर हे नाव पडलं. पाचव्या वर्षी शेजारच्या पियानोवर पट्ट्या शिकली, आणि मग कुठलाही आवाज ऐकला की तो कुठल्या पट्टीचा ते सांगायला लागली. तू तपासलंस. दहा आवाज ऐकवलेस, दहाही चुकले म्हणालास. वर तिच्या देखत म्हणालास की हिला कान नाही, सगळं अंदाजपंचे आहे.

माझा मुलगा मामाचा शब्द खाली पडू देत नाही. त्याने तिची पियानोची शिकवणी बंद केली. शिकवणीच्या बाईंनी तिची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे, पुढे त्या दुसऱ्या मुलाला देतील. त्याहून वाईट म्हणजे पोर गुणगुणायचीच थांबली. काल केटल वाजत होती आणि ही दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती. मला बघवलं नाही. पाळणाघरात येणारं प्रत्येक पोर गुणगुणतं रे. शाळेत जायच्या वयाला निम्मी गप्प होतात, आणि बहुतेक वेळा गप्प करणारं कोणीतरी घरातलंच मोठं माणूस असतं. एकदा पुन्हा विचार कर.

तुझा लोभ मला पुरून उरतो, थोडा तिच्याकडे वळव.
तुझी धाकटी


९ जून

चि. धाकटीस,
अ. आ. पत्र पोचलं. चष्मा शोधण्यात दोन दिवस गेले.

चाळीस वर्षं मी लोकांचे पियानो सुरात लावतो आहे, तेही नुसत्या कानाने. लोक ट्यूनिंग फोर्क वाजवून सूर तपासतात, माझा कुठल्या खणात पडलाय तेसुद्धा आठवत नाही. खोट्या कौतुकाने वाटोळं झालेली पोरं मी पाहिली आहेत. विशीत रडण्यापेक्षा आत्ता रडलेली बरी. कडू बोललो हे कबूल, पण खोटं बोललो नाही.

इथे मीच वैतागलो आहे. शाळेच्या सभागृहातला पियानो लावून दिला, तर संगीताच्या बाई म्हणतात की तो उतरलाय, बासरीशी जुळत नाही. मी म्हटलं, बासरी चढली असेल. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या माणसाला बोलावलं. हल्ली सगळंच चढं वाजतं, रेडिओसुद्धा. कोणाकोणाशी हुज्जत घालू? हत्यारांची पिशवी घेऊन तीन जिने चढलो की भांडायला दम उरत नाही.

गुडघे शेकत जा. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा दादा


१५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि. राग अर्धा उतरला आहे, अर्धा तुझ्या उत्तरावर अवलंबून.

त्या दिवशी तू कॅलेंडरच्या पानामागे उत्तरं मांडली होतीस, डावीकडे तुझी, उजवीकडे तिची. तो कागद मी ठेवला होता. मला पट्ट्यांतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून शेजारच्या पियानोपाशी बसले आणि बोटाने मोजलं. लिफ्टची घंटा तू काळी एक म्हणालास, ती पांढरी एक. वाटीवर चमचा, तू पांढरी चार, ती पांढरी तीन. असं करत दहाच्या दहा वेळा ती तुझ्या बरोबर शेजारच्या पट्टीवर, एक पट्टी खाली.

दादा, अंदाजाने सांगणारं पोर कधी वर चुकतं, कधी खाली, एखादं चुकून बरोबरही येतं. दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला कसं चुकेल? तुम्हा दोघांपैकी एकाचं माप सरकलंय. कोणाचं ते मी म्हणत नाही. पण तो फोर्क शोध.

उत्तराची वाट पाहणारी, जरा घाबरलेली,
धाकटी


२३ जून

चि. धाकटीस,
अ. आ. आज अक्षर लागलं नाही तर समजून घे.

फोर्क मोज्यांच्या खणात सापडला. त्यावर पांढऱ्या सहाची खूण आहे. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, तर मला त्याच्या वरची, काळी पाच ऐकू आली. फोर्क बिघडला म्हणून दुकानात गेलो. तिथले तीन वाजवले, तिन्हींचं तेच. दुकानदाराने माझा चेहरा बघून खुर्ची पुढे केली. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ऐकू नीट येतंय, पण माझ्यासारखे, नुसतं ऐकून पट्टी ओळखणारे कान उतारवयात असे सरकतात, सगळं चढं भासायला लागतं. औषध नाही.

म्हणजे शाळेचा पियानो मीच उतरवला. बाईंची माफी मागून आलो. आणखी कुठले कुठले उतरवले ते आठवत बसलो आहे. यापुढे फोर्क घेऊनच काम करीन, लाज वाटली तरी. वयाचं काय, ते सगळ्यांचंच होतं. पण पोरीचं तोंड मी बंद केलं, ते वयावर ढकलता येत नाही. दहाही उत्तरं तिची बरोबर होती. तुझ्या मुलाला फोन करून तसं सांगितलं आणि शिकवणी उद्याच सुरू कर म्हटलं. सोबतची चिठ्ठी तिला वाचून दाखव. थकलोय गं.

तुझ्या मायेची आज फार गरज असलेला,
दादा


२९ जून

दादाआजोबांना भुंगीचा नमस्कार. (ती सांगते आहे, मी लिहिते आहे. आजी.)

तुमची चिठ्ठी आजीने दोनदा वाचली. मग मी म्हटलं बाबांनाही वाचून दाखव. मी शिकवणीला गेले. आता गुणगुणते, पण हळू. मला तुमचा राग आला होता, आता थोडाच आहे.

आजी म्हणाली, तुम्ही लहान होतात तेव्हा माझ्यासारखंच सगळं ओळखायचात. मग मी म्हातारी झाले की माझंही सरकणार का? आजीला माहीत नाही. तुम्ही खरं सांगा.

तुमची भुंगी


५ जुलै

चि. भुंगीस,
दादाआजोबांचे पुष्कळ आशीर्वाद.

खरं सांगतो. हो, बहुतेक सरकेल. पण त्याला खूप वर्षं आहेत, तोवर मोठ्याने गुणगुण. सरकेल ते तुला कळणारसुद्धा नाही. एक दिवस एखादं लहान पोर तुला सांगेल की हे असं आहे, आणि तुला शंभर टक्के खात्री असेल की त्याचंच चुकलं. तेव्हा काही बोलायच्या आधी त्याला जवळ बसव आणि म्हण, पुन्हा एकदा ऐकू या.

मला ते सुचलं नाही.

तुझा थोडा राग अजून बाकी आहे, तो संपेपर्यंत वाट पाहणारा,
दादाआजोबा