सोनई महिला वाचनघराने निवडलेला हलका ब्राउझर न बदलण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
नवप्रभा ग्रामवाचन योजना,
अहिल्यानगर.

विषय : आम्ही निवडलेला ब्राउझर ठेवणे व संगणक परत न देणे.
संदर्भ : आपली डिसेंबर २०२४ ची नोटीस व तिसरे स्मरणपत्र.

महोदय,

१. हे सर्व २०२४ साली घडले. वाचनघराचा संगणक जुना. विंडोज सुरू होईपर्यंत चहा होऊन कपबशा धुऊन व्हायच्या. म्हणून माझा भाचा अंगद याने ते काढून लिनक्स ही हलकी प्रणाली बसवली. संगणक पळू लागला. पण योजनेने ठरवून दिलेला ब्राउझर उघडला की पुन्हा मान टाकायचा.

२. तेव्हा हलका ब्राउझर शोधणे आले. घोडेगावच्या बाजारात बैल जुंपून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही. आम्हीही एकेक ब्राउझर आठवडाभर जुंपून पाहिला. पहिल्याने सगळी मेमरी खाऊन बसकण मारली. दुसरा चपळ, पण जोडाक्षरे फोडायचा. तिसऱ्यावर वर्तमानपत्र झटकन उघडले आणि अक्षर एवढे मोठे झाले की मोतीबिंदू झालेल्या साळूबाईंनी अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवला. सर्वजणींनी हात वर करून तोच ठेवला.

३. पुढे आपले तपासनीस श्री. कल्याण गव्हाणे आले. म्हणाले, "आजी, या ब्राउझरचं नाव तरी कुणी ऐकलंय का?" त्यावर आमच्यातल्या बायडाबाई म्हणाल्या, "सायेब, तुमचं तरी नाव गावात कुनी ऐकलंय? तरी खुर्ची दिलीच की." साहेबांच्या मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून त्यांनी तपासणी अहवाल आमच्याच संगणकावर, त्याच ब्राउझरमधून भरून पाठवला. त्यात लिहिले : 'ब्राउझर अमान्य, संगणक निरुपयोगी.' त्यावरून आपण संगणक जमा करण्याची नोटीस काढली. निरुपयोगी संगणकावरून निघालेला अहवाल आपणापर्यंत पोहोचला कसा, याचा लेखी खुलासा व्हावा.

४. माझे वय ७९. मी लहान असताना चावडीवर रेडिओ आला. बटण पुरुषांच्या हातात. आम्ही रस्त्यापलीकडे उभ्या. गाणे रंगात आले की कोणीतरी बाजारभाव लावायचे. तो आवाज खरखरीसकट मला अजून आठवतो, गोडही वाटतो. पण काय लावायचे हे आम्हाला कधीच कोणी विचारले नाही. या खोलीत पहिल्यांदा आम्ही ठरवले. ते मोडणार नाही. संगणक न्यायला माणूस पाठवायचा असल्यास दुपारी पाठवावा. तेव्हा आम्ही सर्वजणी संगणकासमोर बसलेल्या असतो.

५. आपल्या माहितीसाठी : अंगद सुप्याच्या कारखान्यात लागला. श्री. गव्हाणे बदलून संगमनेरला गेले. बायडाबाई आता संगणक स्वतः सुरू करतात. साळूबाई चैत्रात वारल्या. अग्रलेख त्यांची सून अश्विनी वाचते. संगणक सोनईतच आहे आणि राहील.

नम्र, पण ठाम,
(सही)
रंगुबाई आबासाहेब येळवंडे
सोनई, ता. नेवासा
दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत : सर्वजणींच्या सह्यांचा ठराव.