बांधावर बोलायचं नाही

२ नोव्हेंबर, सकाळ
दुर्बीण आली. गावाबाहेरच्या पाणथळीवर रोज जाणार. रिटायर्ड माणसाला डोळस छंद हवा. डिसेंबरात गावातल्या पक्षीनिरीक्षक गटाची मोठी पक्षीगणती असते. त्यात एका टीमचा लीडर व्हायचं ठरवलंय. गटाला अजून कळवलेलं नाही.

४ नोव्हेंबर
बायकोला बरोबर नेलं. बांधावर पाय ठेवल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. म्हणे, तो काळा बघा, पंख पसरून बसलाय, जसा काही तुमचा टॉवेल वाळत घातलाय. मी दुर्बीण लावेपर्यंत उडाला. स्पष्ट सांगितलं, पक्षी बघायचे तर मौन पाळायचं. तुझ्या बडबडीने पळतात. गप्प झाली. पटलं असावं.

९ नोव्हेंबर
एकटाच गेलो. तिचा गुडघा दुखतोय. बांधावर आदर्श शांतता, पण एकही पक्षी जवळ येईना. वारा उलटा होता.
घरीही शांतता. चहा समोर आदळला, तेवढाच आवाज. माझा शब्द इतका खोल जाईल असं वाटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर
अत्यंत दुर्मीळ तपकिरी करकोचा दिसला. फोटो गटाला पाठवला. गट चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं, साधा बगळा आहे, चिखलाने माखलाय. मतभेद असू शकतात.

२६ नोव्हेंबर
पलीकडच्या काठावर गटाची माणसं दिसली. दुर्बीण लावली. मधोमध बायको. हातवारे करून काही सांगत होती, बाकीचे हसत होते. हाकेच्या अंतरावर बदकं निवांत चरत होती. बहिरी असावीत.
घरी गुडघ्याची चौकशी केली. ती म्हणाली, "तुम्ही मला गप्प बसवलंत. ते विचारतात, आज काय काय दिसलं."

१३ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंचा फोन. एका टीमची लीडर बायको. माझ्याकडे पार्किंग. फार जबाबदारीचं काम आहे म्हणाल्या. मलाही तसंच वाटतं.

२१ डिसेंबर, गणती
सर्दी वाटली म्हणून गेलो नाही.
ती संध्याकाळी परतली. काय दिसलं, विचारलं. म्हणाली, दमलेय, नंतर. मग गॅलरीत बसून बहिणीला फोन लावला. थव्याने पाण्यावरून कशी वळणं घेतली, एक पिल्लू कसं चुकलं, आईने कसं हाकारलं. इतकं छान सांगते, हे माहीत नव्हतं. मी दाराआड श्वास रोखून उभा.
मग खुर्चीला पाय लागला. ती बोलायची थांबली.