हसत आली म्हणजे होकार

सोमवार, ४ तारीख

आले बाई एकदाची! ट्रंक, शिलाई मशीन आणि मी, तिघंही सुखरूप पोचलो. संस्था टेकडीच्या उतारावर आहे. दोन मजले, पुढे बाग, खिडक्यांना निळे पडदे. इथे राहणाऱ्या सगळ्या मोठ्या बाया आहेत, पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतच्या, फक्त समज लहानपणीच थांबलेली. त्यांना शिवण शिकवायचं आणि त्यांचे कपडे बेतायचे, हे माझं काम. अधीक्षिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या इतक्या गोड बोलल्या की मला संशयच आला! कारखान्यात मुकादमाच्या शिव्या खाऊन मुरलेल्या माझ्यासारखीला गोड बोलणं पचायला वेळ लागतो.

खोली छोटी आहे पण उजेड भरपूर. मशीन खिडकीशी लावलं आणि जीव भांड्यात पडला.

गुरुवार, ७

वर्गात एक गुणगुणी आहे. सत्तावीस वर्षांची, सारखं काहीतरी गुणगुणते म्हणून हे नाव. पहिल्याच दिवशी तिने माझी सुई ओवून दिली. मी शाबास म्हणाले, तर दिवसभर पन्नास सुया ओवायला बसली! आता वर्गात यायचं ते माझा हात धरून, जायचं तेही माझा हात धरून. मी तिला शेपूट म्हणते. ती खदखदून हसते.

आज कानाशी येऊन मोठ्या गुपितासारखं सांगितलं, की तिची पाळी आलीय. मोठी झाले, आई म्हणाली. आई जाऊन तीन वर्षं झाली, पण ते वाक्य पोरीने जपून ठेवलंय.

मंगळवार, १२

वरच्या मजल्यावरच्या बायांची मापं घेतली. झग्याला कमरेशी नाडी नको, असं एक म्हणाली. मग दुसरी. मग सगळ्याच. नाडीशी एवढं कसलं वैर, म्हणून मी चेष्टा केली, तेव्हा एकीने झगा वर करून दाखवलं. बेंबीखाली उभा वण. लगेच दुसरीनेही दाखवला. तिसरीला कुणी सांगितलंही नव्हतं. शाळेत नखं तपासायला हात पुढे करावेत, तशा त्या ओळीने उभ्या राहिल्या. त्यांतली एक जेमतेम तिशीची, ती थंडीतसुद्धा घामाने निथळत झग्याच्या टोकाने वारा घेत होती.

खाली येऊन आया मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, गर्भाची पिशवी काढतात, आणि बाजूचंही सगळं. महिन्याची कटकट नको. नवीन आलेल्या बाया खाली राहतात आणि ऑपरेशन झालं की वर जातात.

गुणगुणी खाली राहते.

बुधवार, १३

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चहा मागवला, सगळं शांतपणे सांगितलं. या बायांना स्वतःचं आवरता येत नाही, कपडे खराब होतात. शिवाय उद्या कुणी गैरफायदा घेतला तर निदान पोट तरी राहणार नाही. मी म्हणाले, भीती कुणा पुरुषाची आणि कापायचं हिला? त्या रागावल्यासुद्धा नाहीत.

जबरदस्ती इथे होत नाही, म्हणाल्या. सही घरचे करतात, पण बाईचा होकार घेतल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. तिच्या लाडक्या माणसाचा हात धरून ती हसत ऑपरेशनच्या खोलीपर्यंत आली, म्हणजे होकार. रडत आली तर तिला परत पाठवतात आणि पुन्हा कधी आणत नाहीत. अजून कुणीच रडत आलेलं नाही.

गुणगुणीचं लाडकं माणूस कोण, ते आम्ही बघतोच आहोत, असं म्हणून त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी चहा तसाच टाकून उठले.

माझीही पिशवी काढलीय. गाठी होत्या. डॉक्टरांनी मला दहादा विचारलं होतं, आणि तरी घरी आल्यावर मी आठवडाभर रडले.

शनिवार, १६

तिचा दादा आला होता. राक्षस असता तर बरं झालं असतं. केसांच्या क्लिपा घेऊन आला, बसून तिचे केस विंचरले. आई गेल्यावर तिचे डागाळलेले कपडे हाच धुवायचा. सांगताना रडला. सही केली आहे म्हणाला. तिला विचारलंस का, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, तिला काय कळतंय.

तिला कळतं रे. तुलाच कसं सांगू?

शहरातल्या समाजकल्याण कचेरीत फोन केला. पालकांची सही आहे ना, मग तक्रार कुणाची, असं मलाच विचारलं.

सोमवार, १८

तिला नाही म्हणायला शिकवतेय. तिला खेळ वाटतो. नाही म्हणते आणि हसते. दुपारी डॉक्टरांनाही म्हणाली — मला वाटलं, जमलं! त्यांनी बिस्कीट हवं का विचारलं. त्यालाही नाही म्हणाली, आणि खाल्लं.

डॉक्टरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

मंगळवार, १९

उद्या आहे. मी हात देणार नाही, सांगून आले. हरकत नाही, मोठ्या बाई म्हणाल्या, मग दादा येईल. मला वाटलं होतं माझ्यावाचून अडेल — काय पण शहाणी मी.

बुधवार, २०

सकाळीच तिला शिवणवर्गात आणलं. कडी आतून लावली. ती हसत आली — माझ्याबरोबरही हसतच —

बाहेर सगळे जमलेत. कुणी दार ठोठावत नाही. कुणी ओरडत नाही. ओरडले तर ती घाबरेल, रडेल. त्यांना ते बरोबर ठाऊक आहे.

लिहून ठेवतेय. उद्या कुणी म्हणायला नको की ती आपणहून —

दादा हाक मारतोय. लाडाने. ती उठली.

नाही म्हण, बाळा. म्हण ना.

म्हणाली. मोठ्याने म्हणाली, मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. पण हसतेय. हसत कडीकडे चाललीय —

रडली तर सोडतील. रडायला हवी. एक थोबाडीत मारली तर — तिला आजवर कुणी मारलेलं नाही — मी मारायला हवं, आत्ता, जोरात — ती माझ्याकडे वळून बघतेय, तिला वाटतंय मी शाबास म्हणणार — देवा, माझा हात —