फूटभर आखूड पाऊल

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मागच्या रविवारी अमरावतीत माझी कराटेतल्या सहाव्या डॅनची परीक्षा झाली. आपल्या संघटनेत परीक्षा देऊन मिळणारा हा शेवटचा दर्जा. त्याच्या वरचं जे आहे ते वय झाल्यावर सन्मानानं देतात. राजापेठेतल्या माझ्या क्लासच्या वीसेक मुली सकाळपासून हॉलच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, जणू परीक्षा त्यांचीच. मी घाबरले नव्हते, हे तुम्हाला सांगायला मला आवडतंय. गुडघा कुरकुरतो आता, पण श्वास तुम्ही बसवून दिलेला आहे, तो दगा देत नाही. लढती झाल्या, एकटीनं ठरलेल्या पावलांनी करायचे अवघड काता झाले. मग बाहेरून आलेले सर्वांत वयस्क परीक्षक म्हणाले, "आता पहिला काता दाखवा." पहिला, म्हणजे पांढऱ्या पट्ट्याच्या पोरांना आपण पहिल्या महिन्यात शिकवतो तो. त्यांनी वाकून माझ्या पायाशी खडूनं रेघ मारली. काता जिथून सुरू होतो तिथेच संपला पाहिजे, हे कोणालाही ठाऊक असतं. रेघ पाहिली आणि मला आपलं तिसरं पाऊल आठवलं.

अकोल्यात, जठारपेठेतल्या शाळेचा तो हॉल. मी बारा वर्षांची आहे आणि आई मला दाराशी धरून उभी आहे. तुम्ही वीज कार्यालयातून थेट आलेले, पॅन्टवर ग्रीसचे डाग. आई विचारते, "हिचे हातपाय मोडले तं हिच्याशी लगन कोन करीन?" तुम्ही म्हणता, "बाई, हिचे मोडले तं मी बसवून देतो. पन हे दुसऱ्याचे मोडीन, त्याचं बोला." आई हसली आणि मी आत आले. हॉलच्या मधोमध सिमेंटचा खांब होता. सरळ तीन पावलं गेलं की नाक खांबाला, म्हणून जाताना तिसरं पाऊल आखूड टाकायचं, परतताना मात्र पुरं. मी विसरले की तुम्ही ओरडायचात, "आखूड टाक वं, खांबाले मिठी मारतं का?" पहिल्या बॅचला तुम्ही सांगितलंही असेल, की मोकळ्या जागेत लांब टाका. आमच्यापर्यंत पाऊल पोचलं, सांगणं राहून गेलं. पुढे मी ते राजापेठेत नेलं, जिथे खांबच नाही. आणि खरं सांगायचं तर मला ठाऊक होतं. एका शिबिरात बाकीच्यांची पावलं पाहिली तेव्हाच दिसलं होतं. पण ते सुधारायचं म्हणजे तुमचं चुकलं असं म्हणायचं, आणि तेवढं माझ्याच्यानं होत नव्हतं. परीक्षेत मात्र लांब टाकायचं ठरवून गेले होते. पायानं ऐकलं नाही. तीस वर्षांची सवय.

काता संपला तेव्हा मी रेघेच्या फूटभर मागे उभी होते. परीक्षकांनी आधी रेघ पाहिली, मग मला.

"हे पाऊल कुठून आणलं?"

"अकोल्याहून."

कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "आणि या मुलींना?"

"मीच दिलं."

"मग?" एवढंच म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं.

आमच्या हॉलची ही पद्धत आहे, असं म्हणता आलं असतं. असं म्हणून निभावून नेणारे मी पाहिलेत. मी मुलींकडे वळले. म्हटलं, "तिसरं पाऊल मी तुम्हाला चूक शिकवलं. माझ्या सरांचं चुकलं होतं, आणि मला कळल्यावरही मी ते तसंच ठेवलं." मग चांदूर बाजारहून एसटीनं येणारी माझी उंच पोरगी म्हणाली, "म्हंजे मॅडम, आमी चार वर्षांपासून चुकीचंच करून राहिलो?"

"हो."

"मंग आता?"

मी परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी हातानंच 'करा' म्हटलं. "आता उठा," मी म्हणाले. मुली माझ्या मागे उभ्या राहिल्या, ज्या कपड्यांत होत्या त्याच कपड्यांत, आणि आम्ही पुन्हा केला. मी पाऊल लांब टाकलं, सर. माझा काता रेघेवर संपला. मागे दोघी एकमेकींवर आदळल्या, एक भिंतीपाशी जाऊन पोचली, आणि परीक्षक पहिल्यांदा हसून कागदावर काही लिहू लागले. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात सहाव्या डॅनचं प्रमाणपत्र दिलं आणि म्हणाले, "उद्यापासून काम वाढलं तुमचं."

हे पत्र कुठे जायचं नाही. तुमच्या घरी काकूंना पेढे देऊन येईन, हे वाचून दाखवणार नाही. भरल्या हॉलमध्ये तुमचं चुकलं असं म्हणताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. पण पुढच्या खुर्चीवर तुम्ही बसलेले असता, तर मी गप्प राहिले असते आणि नापास होऊन घरी आले असते. तुम्ही तिथे नव्हतात, याचं त्या क्षणी मला बरं वाटलं.