पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दुकानांचे बोर्ड रंगवणे, हा कागद राजीखुशीने व शुद्धीत लिहून ठेवतो. कोणी भरीस घातलेले नाही. मला विसरण्याचा आजार जडला आहे. तरी माझी माणसे व मालमत्ता मला आज नीट कळते, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढे कळेलच याची हमी नाही, म्हणून घाई.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोची. तिच्यामागे दोन्ही मुलांची, निम्मी निम्मी.

२. थोरल्या भावाला काही नाही. माझी शिडी अकरा वर्षे त्याच्याकडे आहे, ती त्याचीच समजावी.

३. ब्रश व रंगाचे डबे मुलीचे. तिने व तिच्या दोन सोबत्यांनी रंगमंचावर माझ्यासोबत केलेल्या प्रयोगांचे सर्व चित्रीकरण व आवाजही तिचेच. ('माझ्यावर' लिहिले होते, तिने खोडायला लावले.) मी काचेवर अक्षरे रंगवायचो, पलीकडून कॅमेरा ती भिंतीवर मोठी करून दाखवायचा. सोबत्यांतली नाचणारी पोरगी माझ्या हाताबरहुकूम अंग वळवायची आणि आवाजवाला घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी ऐकवायचा. दवाखान्यात मी रोगी असतो, तिथे कारागीर होतो.

४. चौथ्या प्रयोगात 'केशकर्तनालय' रंगवताना हात थांबला. रफार कुठे द्यायचा ते सुचेना. शेकडो वेळा रंगवलेला शब्द. आवाज चालूच राहिले, पोरगी हात वर धरून उभी. तेवढ्यात मुलगा प्रेक्षकांतून उठून वर आला आणि माझा दंड धरून बहिणीला म्हणाला, "पुरे कर. बाबा घाबरलेत."

"त्यांना विचार ना," ती म्हणाली.

मी ब्रश डब्यात ठेवला आणि मुलाबरोबर खाली उतरलो. घरी आल्यावर मात्र मुलाला नाही नाही ते बोललो. चारचौघांत माझी शोभा केलीस म्हणालो. आठ महिने झाले, बहीणभावांत बोलणे नाही.

५. कोणाला सांगितले नाही ते इथे लिहितो. त्याने दंड धरला तेव्हा मला हायसे वाटले. भिंतीवरचा तो मोठा हात कोणाचा, हे त्या घडीला मला कळत नव्हते. मुलाला बोललो ते चुकले. पुढे दोन महिन्यांनी मी आपणहून पुन्हा प्रयोग केला आणि मजा आली, हेही तितकेच खरे.

६. म्हणून माझ्यामागे मुलीने ते चित्रीकरण घेऊन प्रयोग जरूर करावेत. थांबलेला हात कापून टाकू नये. मात्र दर वेळी पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तिच्या भावासाठी राखावी. यायचे की नाही, ते त्याने ठरवावे. तो उठून उभा राहिला, तर त्या दिवसापुरता प्रयोग तिथेच बंद करावा. कारण विचारू नये. एवढ्यासाठी तरी तिला त्याला फोन करावा लागेल.

आमच्यासमक्ष सही केली:
साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
साक्षीदार २: शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही)

लिहून ठेवणार: बोर्डवाला पेंटर (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १२ मार्च २०२४, मंगळवार. वार मी सांगितला, तारीख बायकोने.